दुपारची सुई

सोमवार, १२ जानेवारी

थोरले,

आधी आईचा आशीर्वाद घे, मग काय रागवायचं ते रागव. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही, म्हणजे तो बंदही करता येत नाही. माझं अक्षर तुला माहीतच आहे, कोंबडी नाचून गेल्यासारखं. चौथीतल्या बाई म्हणायच्या, तू लिहिते आहेस की कागदावर सूड उगवते आहेस? तर सांभाळून घे.

बातमी अशी की तुझी आई आता शाळेत "नेमलेली व्यक्ती" झाली आहे. हसू नकोस. गळ्यात निळा पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर फोटो. फोटोत मी पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसते, पण कार्ड सरकारी आहे. स्वयंपाकघरात कढया घासतानाही मी ते काढत नाही, पाठीवर टाकते. आमची चपात्या लाटणारी म्हणते, "आता तुला साहेब म्हणायचं का?" मी म्हटलं, "म्हण की. फक्त काम सांगू नकोस."

आता कायदा तुला माझ्यापेक्षा पाठ आहे. तरी मला समजलंय ते बरोबर आहे का बघ. जुना कायदा म्हणायचा, शाळेत मुलाला सुई टोचायची तर ती नर्सनंच, नाहीतर आईबापानं. आणि नर्स म्हणजे आमच्या फिरत्या सिस्टर, त्यांच्याकडे चार शाळा, आमच्याकडे येणार फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. आपल्या भिंगरीची साखर मात्र रोज दुपारी वाढते, तिला कुठे वार कळतात? म्हणून तुझा धाकटा भाऊ रोज जेवणाच्या सुट्टीत काम टाकून शाळेत पळत यायचा. एकदा कुठल्याशा इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकलेली, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा हा शाळेत लेकीला सुई टोचतोय. मालकानं त्याला सांगून टाकलं, लिफ्ट तरी सांभाळ नाहीतर लेक तरी.

म्हणून तो त्या नव्या कायद्यामागे लागला. शाळेतल्या कुणालाही शिकवा आणि सुई टोचू द्या. आणि तू तुमच्या नर्सांच्या संघटनेकडून उभी राहिलीस, असं करू नका म्हणून. त्या सुनावणीच्या सभागृहात तो तुला काय म्हणाला ते मी विसरले नाही. "तुला तुझ्या नोकरीची पडली आहे, माझ्या पोरीच्या जिवाची नाही." तू काय म्हणालीस तेही विसरले नाही. "उद्या भांडी घासणारी बाई सुई टोचेल आणि सरकार म्हणेल, भागलं की, आता नर्स कशाला?" मी तुझ्या मागच्याच रांगेत बसले होते. तुला ठाऊक नव्हतं. मला राग नाही आला गं. भांडी मी चांगली घासते.

तर कायदा झाला, आणि तू घरी यायची बंद झालीस. आणि गंमत बघ, कायदा झाला तरी आमच्याकडे पुढे कोण होईना. मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांना बसवून विचारलं. गणिताचे मास्तर म्हणाले, "चुकलं तर तुरुंगात कोण जाणार?" बाकीचे नखं बघायला लागले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. म्हटलं, मी शिकते. माझीच नात आहे.

एका दुपारी शिकवणी झाली. सिस्टरांनी संत्रं दिलं, त्यावर टोचायला. मी इतकं टोचलं की संत्र्याला घाम फुटला. नंतर खाऊन टाकलं, आत पाणीच तर होतं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुमचा हात हलका आहे." हे मात्र तू वाचच, दोनदा वाच.

तुझी,
सरकारी आई


रविवार, १ फेब्रुवारी

थोरले,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, पोस्टमन आपला उगीच दारावरून जातो म्हणून बघितलं.

भिंगरी कशी आहे विचारशील, म्हणून सांगते. उंच झाली आहे. गुडघे तेवढे मोठे आणि बाकी सगळी काडी. बोलायला लागली की थांबत नाही, कुणावर गेली कोण जाणे. जेवणाच्या घंटेला ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून येते, बटाट्याच्या पोत्यावर बसते आणि म्हणते, "नेमलेली व्यक्ती, चला!" मग बोट पुढे करते. मी टोचते, मशीनवर आकडा येतो, भिंतीवर सिस्टरांनी तक्ता लावलाय त्यात बघायचं, या आकड्याला इतकं इन्सुलिन. आकडे मला कधी अडले नाहीत, अक्षरंच अडतात. इन्सुलिनच्या पेनची चकती फिरवायची, टकटक आवाज येतो, तो आम्ही दोघी मिळून मोजतो. मग पोटाला चिमटा आणि सुई. ती "आई गं" म्हणत नाही, "आजी गं" म्हणते. मुद्दाम.

पेन कुठे ठेवायचं यावरून पहिल्या दिवशी गोंधळ झाला. सिस्टर जाता जाता सांगून गेल्या, थंड जागी ठेवा. शिक्षकांच्या खोलीतला फ्रीज म्हणजे नुसता डब्यांचा उकिरडा, कुणाच्या तरी भाजीला दाढी आलेली. त्यात माझ्या नातीचं औषध? मी नाही ठेवलं. आमच्या स्वयंपाकघरात मोठी बर्फाची पेटी आहे ना, मटार आणि मासे ठेवायची, ती एकदम स्वच्छ, मी स्वतः पुसते. त्यात तळाशी, मटारच्या पिशवीखाली, फडक्यात गुंडाळून ठेवते. इतकी वर्षं स्वयंपाकघरात काढली, जे जितकं थंड ते तितकं टिकतं हे मला कुणी शिकवायला नको. सकाळी आले की बाहेर काढते, जेवणापर्यंत मऊ होतं. काम झालं की परत आत. मोठ्या बाई म्हणाल्या सुद्धा, "औषध तुमच्या ताब्यात म्हणजे आम्हाला काळजी नाही."

आता एक सांगू की नको असं झालंय. सांगतेच.

संध्याकाळी पोरीची साखर फार वाढलेली दिसते. रोजच. घरी आली की घटाघटा पाणी पिते आणि दर थोड्या वेळानं मोरीकडे पळते. धाकट्याला वाटतं ती चोरून खाते. परवा तिच्या दप्तरात चॉकलेटचा कागद सापडला. ती म्हणाली मैत्रिणीचा आहे, चकचकीत आहे म्हणून ठेवला. सूनबाई पॅकिंगच्या कारखान्यातून दमून आलेली, ती म्हणाली, "निदान खोटं तरी बोलू नकोस." पोरगी म्हणाली, "मी नाही खाल्लं." धाकट्याचा आवाज चढला. मग ती माझ्याकडे बघायला लागली, थोरले. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बाळा, खाल्लं असशील तर सांगून टाक, कुणी मारणार नाही."

त्यानंतर ती जेवली पण बोलली नाही. भिंगरी आणि गप्प, म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं घरात. साखरेचा डबा आता माझ्या कपाटात कुलपात आहे. चहा करायचा तर किल्ली शोधावी लागते.

तू नर्स आहेस. मुलं अशी चोरून खातात का गं? खात असतील. तूही खायचीस, दुधाची पावडर, ओठावर पांढऱ्या मिशा घेऊन म्हणायचीस, मी नाही.

तुझी आई


गुरुवार, १२ फेब्रुवारी

थोरले,

थोडंच लिहिते, हात दुखतोय.

इकडे सगळं ठीक. भिंगरीला जरा ताप आला होता. दवाखान्यात ठेवलं होतं चार दिवस, आता घरी आहे. दवाखाना चांगला होता. पलंगाला चाकं, भिंतीवर हत्ती रंगवलेला, पण रंगाऱ्याला हत्ती येत नसावा, तो नळ असलेला डुक्कर दिसत होता. भिंगरी हसली त्याला. एकदाच, पण हसली.

लादी इतकी पुसतात तिथे की माझा पाय घसरला. लागलं नाही.

कार्ड सध्या मोठ्या बाईंकडे दिलंय. वरचं प्लास्टिक सुटलं होतं.

धाकटा कामावर जातो येतो. सूनबाईही. तू जेवणवेळ सांभाळ. तुझं पित्त तुला माहीत आहे.

आई


रविवार, १ मार्च

माझ्या थोरले,

फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला काय झालं सांगू? तू रागानं बोलत होतीस, "आई, मला सगळं कळलंय" म्हणत होतीस, आणि मी आपली मनात म्हणतेय, अगं बाई, हिला सर्दी झालीय, नाकातून बोलते आहे, काढा घेतला की नाही कोण जाणे. इतक्या महिन्यांनी लेकीचा आवाज! तू शिव्या दिल्या असत्यास तरी मी आवाज मोठा करून ऐकल्या असत्या. शेजारणीला जाऊन सांगितलं, थोरलीचा फोन आला होता. काय म्हणाली ते नाही सांगितलं.

तुला फिरत्या सिस्टरांनी सांगितलं म्हणजे खरं तेच सांगितलं असणार. पण तुला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मागच्या पत्रात हत्ती आणि लादी लिहीत बसले, कारण खरं लिहायला घेतलं की पेन अडायचं. कार्डाचं प्लास्टिकबिलास्टिक काही सुटलं नव्हतं. ते काढून घेतलं.

असं झालं. पोरीला वर्गात उलटी झाली. तिनं ती मोरीत जाऊन धुतली आणि कुणाला सांगितलं नाही. अंग तापलेलं. घरी आली, झोपली. सूनबाई उठवायला गेली तर नीट उठेना, श्वास मोठा मोठा. धाकटा तिला खांद्यावर टाकून जिना उतरला, लिफ्ट चालू होती हेही त्याला सुचलं नाही. लिफ्टचा माणूस, आणि जिना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई आल्या. तुझ्याहून लहान असेल. तिनं एकेक विचारलं. घरचं इन्सुलिन कुठे, किती, कधी. मग विचारलं, शाळेतलं पेन कुठे ठेवता? सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी, थोरले, मी काय ऐटीत सांगितलं! "काळजीच नको. बर्फात. मटारच्या खाली, फडक्यात. रोज काढते, रोज ठेवते."

ती लिहिता लिहिता थांबली.

ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आजी, एकदा गोठलं की ते मरतं. दिसतं तसंच, पण काम करत नाही. थंड म्हणजे गार, बर्फ नव्हे." मी म्हटलं, "पण सुईतून थेंब येत होता." ती म्हणाली, "येणारच. पाण्यासारखाच."

म्हणजे एवढे दिवस मी माझ्या नातीला दुपारी नुसतं पाणी टोचत होते. त्या संत्र्यासारखं. आणि हलक्या हातानं.

खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं म्हणे. मुंगीच्या पायांएवढं अक्षर, मी तो कागद घडी घालून ड्रॉवर डगमगायचा तिथे लावला होता.

पण खरा घाव तो नाही. शुद्धीवर आल्यावर सूनबाईनं तिला विचारलं, "उलटी झाली तेव्हा सांगितलं का नाहीस गं?" पोरगी म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता मी चॉकलेट खाल्लं." धाकटा उठून बाहेर गेला. मी त्या डुकरासारख्या हत्तीकडे बघत बसले. कुठेतरी बघायला हवं ना.

आता तुझ्या कामाचं. तू म्हणालीस, कायद्याचा फेरविचार करायला समिती बसणार आहे, आणि मी तिथे येऊन सांगावं. "आई, तू सांगितलंस तर ते थांबवतील. मी हजार वेळा सांगून ऐकलं नाही, तुझं ऐकतील." तुझं बरोबर आहे. दुसऱ्या कुठल्या शाळेत दुसरी कुणी माझ्यासारखी असेल, तिच्याकडेही बर्फाची पेटी असेल. कुणाचं तरी लेकरू गप्प बसून मोरी धूत असेल. 

पण परवा धाकटा माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला. लहानपणी दात दुखला की बसायचा तसा. म्हणाला, "आई, चूक झाली, कळली, परत होणार नाही. दुसऱ्या कुणाला नेमतील. पण तू तिथे जाऊन बोललीस तर कायदाच जाईल. मग नर्स नाही त्या दिवशी भिंगरी शाळेत नाही. मालक मला आता एक दिवस सोडणार नाही. तिचं शिक्षण मटारखाली पुरू नकोस." शेवटचं वाक्य त्यानं आधीच तयार करून आणलेलं असणार, एवढं त्याला एकदम सुचत नाही. पण मला लागलं.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही माझीच लेकरं. तुलाही मी हो म्हटलेलं नाही, त्यालाही नाही. सूनबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मला विचारू नका आई. मी पोरीला खोटारडी म्हटलंय, मला अजून तेच गिळवत नाहीये."

तिकिटं पाठवू नकोस. यायचं ठरलं तर माझी मी येईन.

काढा घे. आलं जास्त घाल.

तुझी आई


शनिवार, २१ मार्च

थोरले,

तू तिथे होतीस, सगळं ऐकलंस, मग लिहायचं काय असं वाटेल. पण तू शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होतीस, आणि संपल्यावर तुमच्या संघटनेच्या बायकांनी तुला वेढा घातला. तुला घाई होती. मला गाडी गाठायची होती. तर माझ्या बाजूनं काय दिसलं ते सांगते.

पहिलं म्हणजे तो माईक. मला वाटलं तोंडाला लावायचा. मी "नमस्कार" म्हटलं आणि छताला तडा जाईल असा आवाज आला, समितीतल्या एका साहेबांच्या हातातलं पाणी सांडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजी, जरा लांबून." मी म्हटलं, "तुम्ही लांब बसलात म्हणून जवळ घेतला." लोक हसले. मला बरं वाटलं.

मी काय बोलणार हे मला उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हतं, खरं सांगते. एका बाजूला तू, एका बाजूला धाकटा. तो आलाच होता, कामाच्या कपड्यात, दाराशी. मी दोघांकडे बघितलं नाही. सांगून टाकलं. पेन बर्फात ठेवलं. मी ठेवलं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं आणि कुणी मला विचारलंही नव्हतं. सिस्टर चांगल्या, पण त्या येतात तेव्हा रांगेत मुलं उभी, कुणाचं खरचटलंय, कुणाच्या डोक्यात उवा, त्या माझ्या पेटीत कधी डोकावणार? नर्स असती तर पोर दवाखान्यात गेली नसती. आणि मी नसते, तर पोर शाळेतच गेली नसती. दोन्ही खरं आहे, म्हटलं, यातलं एकच लिहून घेऊ नका.

आणि मग ते साहेब, पाणी सांडलेले, म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?" मी म्हटलं, हो. माझी नात चोरून खात नव्हती. आम्ही तिला खोटं पाडलं. ती खरं बोलत होती. हे पण लिहून घ्या.

ते म्हणाले, "त्याचा कायद्याशी संबंध नाही, आजी." अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिहून घ्या." तेव्हा तू मान वर केलीस. मी बघितलं.

निकाल तुला माझ्या आधी कळला असेल. आम्हाला मोठ्या बाईंनी बोलावून सांगितला. तू दोन गोष्टी मागितल्या होत्यास, हे बंद करा आणि प्रत्येक शाळेला नर्स द्या. त्यांनी पहिली दिली. दुसरी "विचाराधीन" आहे. विचाराधीन म्हणजे काय विचारलं तर मोठ्या बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेचा पाण्याचा पंप सुद्धा विचाराधीन आहे." तो पंप भिंगरी बालवाडीत होती तेव्हापासून बंद आहे.

तर पोरगी मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत जाते. बाकीचे दिवस घरी. मी स्वयंपाकघरातलं दुपारचं काम सोडलं, सकाळचं ठेवलं. घरी सुई टोचायला कायदा लागत नाही, शाळेत मात्र मुलानं स्वतः टोचलेलंही चालत नाही. पण ती मला टोचू देत नाही. रागानं नाही गं. सरळ म्हणाली, "आजी, तू नको. मी करते." स्वतःच चकती फिरवते, आवाज स्वतःच मोजते, ओठ हलतात तेवढे दिसतात. मी समोर बसायचं, हात मांडीवर ठेवून. एकदा मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "हात!" मी परत मांडीवर ठेवला. टोचताना आता "आजी गं" नाही, काहीच नाही.

धाकटा माझ्याशी मोजकं बोलतो. "मीठ", "किल्ली", "येतो". तुझं नाव निघालं की खोलीतून उठतो. त्याला वाटतं मी तुझ्या बाजूनं बोलले. तुमच्या त्या बायकांपैकी एकीनं मला जिन्यात गाठून सांगितलं, "आजी, अर्धं बोलला असतात तर बरं झालं असतं." म्हणजे तिला वाटतं मी त्याच्या बाजूनं बोलले. इतकी मी मोठी कधी नव्हते की दोन्ही बाजूंना पुरावी.

तरी एक सांगते, आणि हे सांगायलाच आज बसले. परवा दुपारी सुई झाली, भात व्हायचा होता. भिंगरी वह्या काढून बसली होती. तिची मैत्रीण, तीच चॉकलेटवाली, येऊन वर्गात काय झालं ते सांगून जाते, तेवढाच अभ्यास. अचानक म्हणाली, "बाबा म्हणाले तू सगळ्यांसमोर सांगितलंस, मी खोटं बोलत नव्हते म्हणून."

म्हटलं, "सांगितलं."

"माईकवर?"

"माईकवर. एका साहेबांचं पाणी सांडलं."

ती हसली. पेन्सिल चावायला लागली. मग म्हणाली, "आजी, आत्या शाळेतली नर्स आहे ना?"

"आहे की. चांगली आहे."

"आणि ती म्हणते प्रत्येक शाळेत नर्स पाहिजे?"

"म्हणते. बरोबर म्हणते."

"मग ती आमच्या शाळेत का नाही?"

मी म्हटलं, भात बघून येते. आत गेले. भात झाला नव्हता. 

मी तुझ्यावर काही ढकलत नाही, थोरले. तुझं तिकडे घर आहे, संघटना आहे, तुझ्या शाळेतली तुझी मुलं आहेत, त्यांचीही बोटं असतीलच कुणीतरी टोचायची. फिरत्या सिस्टर सांगत होत्या की आमच्या भागातली नर्सची जागा जाहिरात देऊनही रिकामी आहे, कुणी यायला तयार नाही. तेही मी उगीच सांगितलं, बोलता बोलता निघालं.

मला फक्त उत्तर हवंय. आधी मी तिच्या बाबतीत एकदा ठाम विश्वासानं चुकले आहे. या वेळी मनचं सांगणार नाही. तुझ्याकडून येईल ते, जसं असेल तसं, तिला वाचून दाखवीन. सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी ती घरीच असते.

तुझी आई